तलावातला टुंड्रा

उभ्या भंडारा जिल्ह्यात बर्फाची काळजी वाहणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या परसाच्या भिंतीला लागून राहतो. आमच्याकडे बर्फ म्हणजे लग्नाच्या मांडवात पाण्याच्या ड्रममध्ये टाकायची लादी, नाहीतर बाजाराच्या दिवशी गोळेवाला किसतो ती वस्तू. पण आमचे भूगोलाचे गुरुजी सायबेरियाच्या जमिनीखालच्या बर्फाचा असा घोर लावून घेत, की ऐकणाऱ्याला वाटावं तिकडे यांची दोन-चार बांध्या धानाची शेती आहे आणि ती यंदा बुडणार आहे. गाव त्यांना टुंड्रा गुरुजी म्हणतं. तोंडावर नुसतं गुर्जी. गावाचं नाव मी सांगत नाही. करडीच्या अलीकडे कुठेतरी आहे, एवढं पुरे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून गावाला लाज वाटेल अशी आशा असती तर नाव लिहिलं असतं.

सातवीत ते आम्हाला भूगोल शिकवीत. मोसमी हवामानाचा प्रदेश, म्हणजे ज्यात आम्ही घामानं निथळत बसलेलो असू तो, ते एका तासात उरकून टाकीत. "ते तर तुमी दाराबाहेर पाहूनच राहिले रोज," एवढं म्हणून पान उलटायचं. टुंड्राला पुस्तकात दीड पान होतं. ते दिवाळीनंतर सुरू होई आणि परीक्षा आली तरी संपत नसे. दूरचं आधी सांगावं, पोरांना नवल वाटतं, मग हळूच जवळच्यावर यावं, अशी त्यांची शिकवण्याची रीत होती. रीत उत्तम होती. फक्त ते जवळच्यावर कधी येत नसत, त्याआधी घंटा होई. वर पत्रे तापलेले, खाली आम्ही, आणि गुरुजी फळ्यावर अंगात अस्वलाचं कातडं घातलेला माणूस काढताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यापुढून अजून हलत नाही.

एकदा त्यांनी वर्गात टुंड्राच आणला. बाजारातून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवर बांधून आणली, घमेल्यात ठेवली आणि तिच्यावर तलावाच्या चिखलाचा थर दिला. चिखलावर मोहरीची कोवळी रोपं होती. ती काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, आठवडाभर ओल्या फडक्यावर वाढवली होती. आमच्या घरी तेव्हा माग चालत, म्हणून मला कापूस आणायला सांगितला होता. निम्म्या रोपांवर गुरुजींनी कापसाचा जाड थर पसरला, निम्म्यांवर नावापुरता. रोपं म्हणजे तिकडचं शेवाळ, कापूस म्हणजे पडलेलं हिम, विटेला सुतळी बांधली ती मालाची गाडी. गाडी दोन्ही भागांवरून ओढली आणि घमेलं उन्हात ठेवलं. जाड कापसाखालची रोपं वाकली, पण जगली. पातळ कापसाखालची चेंगरली, खालचा काळा चिखल उघडा पडला, त्यानं ऊन ओढून घेतलं, त्याच्याखालचा बर्फ वितळला, आणि मधल्या सुटीपर्यंत विटेच्या वाटेनं जमीन खचून तिथे पाणी साचलं. "पाहा रे पोट्टेहो," गुरुजी म्हणाले, "वरचं शेवाळ म्हणजे त्या बरफाची वाकळ आहे. ते फाटलं का खालचं सारं गेलं. गाडी एका हिवाळ्यात जाते. चाकाची नाली मात्र माणूस मेला तरी राहते." आम्ही उरलेली लादी चिखल धुऊन खाल्ली.

पुढे मोबाइल आला आणि गुरुजींना कायमचं वेड लागायचं ते लागलं. रोज सकाळी चहाच्या टपरीवर ते सायबेरियातलं तापमान वाचून दाखवीत. समोर बसलेल्यांना उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, वाळून चालल्याची चिंता, आणि हे सांगणार की तिकडे यंदा हिम उशिरा पडलं, जमीन पुरी गोठली नाही, तरी कंपन्यांनी हिवाळी रस्ते उघडलेच. उन्हाळ्यात ती जमीन म्हणजे चिखल, म्हणून ट्रक हिवाळ्यात बर्फावरून न्यायचे, ही तिकडची पद्धत आमच्या टपरीवरच्या प्रत्येकाला पाठ होती. टपरीवाला गंभीर चेहऱ्यानं विचारी, "मंग गुर्जी, आज चहा गरमच देऊ न?" सगळे हसत. गुरुजीही हसत, कारण आपल्याला हसताहेत हे त्यांच्या ध्यानात येत नसे. अशा माणसाची थट्टा करताना मजा येत नाही खरं तर, पण आमच्या गावाला येते.

घरीही तोच कायदा. काकूंनी अंगण सारवलं की ते खडखडीत वाळेपर्यंत गुरुजी त्यात पाऊल टाकायचे नाहीत आणि कोणाला टाकू द्यायचे नाहीत. एकदा त्यांचे व्याही लाखांदूरहून एसटीनं आले. त्यांना गुरुजींनी पिशवीसकट रस्त्यावर उभं केलं आणि तिथेच पाणी दिलं. वरून सुकलं तरी आतून ओलं असतं, आणि तेव्हाच जमिनीला जास्त लागतं, हे व्याह्यांना समजावून सांगेपर्यंत अंगण खरोखरच वाळलं. काकू आतून ओरडत होत्या, "अहो, पाव्हण्याइले घरात घेता का तिथूनच वापस पाठवता?" त्यांच्या मुलानं हौसेनं गुरुजी-काकूंना मनालीला नेलं, तेव्हा जन्मात पहिल्यांदा गुरुजींनी खरं हिम पाहिलं. गाडीतून उतरले ते फक्त डांबरी रस्त्यावर. हिमावर त्यांनी पाय ठेवला नाही. थर पातळ आहे, खाली गवत निजलेलं आहे, म्हणाले. काकूंनी मात्र चपला काढून त्यात नाचून घेतलं आणि एक गोळा करून नवऱ्याच्या पाठीत हाणला. परत आल्यावर ही गोष्ट त्या महिनाभर सांगत होत्या, आणि सांगताना दर वेळी गोळा थोडा मोठा होई.

आता तलावाचं सांगायला हवं. आमचा तलाव जुना, पसरट, फार खोल नाही. उन्हाळ्यात बराचसा आटतो आणि पलीकडच्या वावरात जायला मधूनच वाट होते. त्या वाटेची गावाची एक जुनी रीत होती. शिमगा झाल्यावर गावातला एखादा म्हातारा तलावात उतरायचा आणि चिखलाच्या भेगेत मूठ घालून पाहायचा. मूठ मनगटापर्यंत गेली तर चिखल आतून वाळलेला, गाड्या घालायला मोकळीक, अडली तर आणखी थांबायचं. आणि मोकळीक मिळाली तरी सगळ्यांनी फाकून जायचं. काल जिथून चाक गेलं तिथून आज घालायचं नाही. या रिवाजावर गुरुजींचं फार प्रेम होतं. तिकडच्या बर्फावर नेमकं असंच जायला हवं, आपल्या अडाणी म्हाताऱ्यांना जे समजलं ते तिकडच्या इंजिनेरांना समजत नाही, असं ते टपरीवर सांगत. म्हाताऱ्यांना अडाणी म्हटलेलं आवडत नसे, पण इंजिनेरांपेक्षा शहाणं म्हटलेलं आवडे, म्हणून ते चहा पाजत.

या रिवाजामागे देवधान होतं. तलावाच्या उथळ अंगाला ते आपोआप उगवायचं. कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. दिवाळीच्या सुमाराला दाणा भरला की काकू आणि गावातल्या बाया गुडघाभर पाण्यात टोपल्या घेऊन उतरत आणि लोंब्या वाकवून काठीनं हळूच झोडपत. निम्मे दाणे टोपलीत, निम्मे पाण्यात. पाण्यातले चिखलात रुतत, उन्हाळ्यात भेगांत खोल जाऊन निजत आणि पुढच्या पावसात उठत. टोपलीतलं मडक्यात भरून ठेवायचं ते पुढच्या भादव्यातल्या ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी आमच्याकडच्या बाया बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, वर्षभर राबणाऱ्या जनावराला तेवढा एक दिवस माफी. त्यांच्या ताटात देवधानाचा भात आणि परसातली भाजी. काकूंनी लग्न झाल्यापासून हा उपास एकदाही मोडला नव्हता. गुरुजी देवाधर्मातले नव्हेत, पण त्या दिवशी तो लालसर भात दोन घास मागून खायचे. "हे खरं धान," म्हणायचे, "बाकी सारे आपले नोकर."

मग नदीच्या घाटावरून रेती काढायचा ठेका कोणा बाहेरच्या ठेकेदाराला मिळाला. तलावाला वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. ठेकेदारानं ग्रामसभेत हात जोडून सांगितलं की उन्हाळ्यापुरती तलावातून वाट द्या, पाणी आलं की खूणसुद्धा राहणार नाही. बदल्यात हनुमानाच्या देवळापुढे सभामंडप बांधून देतो. सभामंडप हा शब्द निघाला आणि गाव पाघळलं. माणसं देवासाठी काय काय विकतात याचा हिशेब देवानं ठेवला असता, तर तो आमच्या देवळातून केव्हाच उठून गेला असता.

गुरुजी बोलायला उभे राहिले. गाव त्यांना मानत नव्हतं असं नाही. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं, त्यामुळे लोक गप्प बसले. मागे बायाही बसल्या होत्या. घरकुलाच्या यादीसाठी आल्या होत्या, पण बसल्या होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तर ध्रुवाजवळ एक विस्तीर्ण प्रदेश आहे." मी डोळे मिटून घेतले. पुढे शेवाळ आलं, रेनडियर आलं, जमिनीच्या पोटातला बर्फ आला, हिवाळी रस्ते आले, तेलाच्या विहिरी आल्या. मागच्या बायांतली एकेक उठून चुलीकडे जाऊ लागली. ठेकेदार मोठा सभ्य माणूस, त्यानं शेवटी हात जोडून म्हटलं, "गुर्जी, सगळं पटलं जी. पण आमच्या टिप्परले बरफ नाही लागत." हशा झाला तो पार देवळापर्यंत ऐकू गेला असेल. त्या हशातच ठराव झाला. विरोधात दोनच हात वर होते. एक गुरुजींचा आणि दुसरा माझा. माझा शेजारधर्म म्हणून सोडून देण्यात आला.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. काकू बायांबरोबर आधीच येऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी तिकडच्या शेवाळाचं सांगत बसले जी. आपल्या देवधानाचं एक अक्षर तरी काढाचं होतं. सगळ्या बाया माघं बसल्या होत्या. एकूणएकीनं हात वर केला असता."

गुरुजी बराच वेळ चपला काढत राहिले. मग म्हणाले, "मी त्याच्यावरच येऊन राहिलो होतो."

टिप्पर शिमग्याची वाट पाहत थांबले नाहीत. माघातच उतरले. वरची पापडी वाळलेली आणि आत दही, अशी तलावाची तेव्हाची अवस्था. गुरुजींनी ठेकेदाराच्या मुकादमाला भेगेत मूठ घालून दाखवली; ती बोटांच्या पेरांपाशीच अडली. मुकादम म्हणाला, "आजोबा, हात काढा, चाकाखाली येईल." पहिलाच टिप्पर आसापर्यंत फसला. मला वाटलं, आता शहाणे होतील. तर त्यांनी फसलेल्या जागी मुरूम टाकला, मुरमावर दगड, दगडावर पुन्हा मुरूम, आणि वरून रोलर फिरवला. उन्हाळ्याची वाट नव्हती ती. देवधानाच्या अंगावरून पक्की सडकच गेली. आजूबाजूच्या भेगा मुरमाच्या मातीनं बुजल्या. सबंध उन्हाळा गुरुजी छत्री घेऊन तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभे असत. टपरीवरून त्यांच्याकडे पाहून कोणी तरी म्हणे, सायबेरियाची गाडी चुकली वाटते. मीही त्या टपरीवर चहा पितो. दुसरी टपरी गावात नाही.

पाऊस आला, तलाव भरला, आणि सडक पाण्याखाली जायची तेवढी गेली. पण पाण्याचे दोन भाग झाले. अलीकडचं पाणी वाहतं, पलीकडचं मेलेलं, वर हिरवी साय. दर श्रावणात उथळ अंगाला हिरवी लव दिसायची, तिथे त्या वर्षी नुसता लाल गढूळ काला होता. मुरमाच्या कडेनं एकच झाड मन लावून वाढलं, ते बेशरम. त्याला जांभळी फुलं येतात आणि लोक त्यांच्यापुढे उभे राहून मोबाइलवर फोटो काढतात. त्या दिवाळीला बाया टोपल्या घेऊन पारीवर आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. रेती तर केव्हाच संपून ठेकेदार दुसऱ्या घाटावर गेला होता, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी. सभामंडप मात्र झाला. चांगला झाला. खांबांना गुलाबी रंग आहे आणि दर्शनी भागावर ठेकेदाराचं नाव मारुतीच्या नावापेक्षा थोडं मोठं आहे.

त्यानंतर गुरुजींनी टपरीवर तापमान सांगणं बंद केलं. पहिले काही दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग टपरीवाल्यानंच एकदा विचारलं, "गुर्जी, तिकडं पडून राहिलं का नाही बरफ?" गुरुजी म्हणाले, "मले का माहीत." त्यानं उगाचच त्यांचे चहाचे पैसे घेतले नाहीत. मला त्या टपरीवाल्याचा राग येतो, आणि तो राग करण्याजोगाही माणूस नाही, याचा आणखी राग येतो.

यंदाच्या ऋषिपंचमीच्या आदल्या आठवड्यात काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली. "बापू, भंडाऱ्याले जाऊन राहिला का? मंग देवधानाचं पाकीट भेटते म्हणते, एक घेऊन ये." काकूंनी विकत आणायला सांगितलं, हेच मला कसंसं वाटलं. मी दुकानदाराला विचारलं की हे आपोआप उगवलेलं आहे का पेरलेलं. तो म्हणाला, "साहेब, ट्रॅक्टरनं नांगरलेलं आहे, बैल लागलाच नाही. उपासाले एकदम चालते." असल्या युक्तिवादापुढे ऋषींनीही हात टेकले असते. मी पाकीट घेतलं.

संध्याकाळी ते द्यायला गेलो तेव्हा गुरुजी ओसरीवर होते. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले. सगळे एका मापाचे, पांढरे, कुसळाचा मागमूस नसलेले. त्यांनी ते परत पाकिटात टाकले. काकूंनी फळीवरून मडकं काढलं. तलाव जिता होता तेव्हाचं शेवटचं देवधान त्यात होतं. गेल्या आषाढात त्यातलं ओंजळभर गुरुजींनी मुरमाच्या कडेनं गुडघ्यावर बसून काडीनं भोकं पाडत पेरलं होतं. ते आलं नाही. आता तळाशी मूठभर उरलं होतं.

"हे आहे की, काकू," मी म्हणालो. "उपासापुरतं होईल."

"होते न," त्या म्हणाल्या. "पण हे खाल्लं तर बी संपते. मी पाकिटातलं खाईन. देवाले काय समजाचं ते समजंल." जन्मभराचा नेम त्यांनी असा, भाजी निवडावी तशा सहज बोलण्यात बाजूला ठेवला. मग मडक्यात हात फिरवत त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काहो, तिकडच्या बरफावरचं गवत वापस याले किती साल लागतात म्हणत होते तुमी?"

मी गुरुजींकडे पाहिलं. चाकाची खूण माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते, हे ज्यांनी आम्हाला घमेल्यात करून दाखवलं होतं, ज्यांनी ते टपरीवर, ग्रामसभेत, व्याह्यांना रस्त्यात उभं करून सांगितलं होतं, त्यांना कोणी तरी शेवटी आपण होऊन विचारत होतं. आणि विचारणारी जवळची होती. त्यांनी मडक्यात वाकून पाहिलं.

"ते तिकडचं," गुरुजी म्हणाले. "त्याचा आपल्याशी काय संबंध? तिकडं बरफ, आपला चिखल. आपलं येते पुढच्या साली."

"येते न?"

"येते."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. त्यांनाही तो धडा माझ्याइतकाच पाठ होता. मोहरीची रोपं त्यांनीच वाढवली होती. त्या "बरं" म्हणाल्या, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ते पुन्हा फळीवर ठेवून दिलं.